खुराड्याबाहेरचे हिशेब

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि व्यवसाय

या वेळच्या टपालात कचेरीतल्या खुर्चीला कंटाळलेल्यांची पत्रे जितकी आहेत, जवळपास तितकीच ती खुर्ची सोडून घरी बसलेल्यांचीही आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांनाही पलीकडची बाजू बरी वाटते आहे. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे वगळली आहेत व मजकूर थोडा आटोपता केला आहे. उत्तरे देणाऱ्याबद्दल इतकेच, की बावीस वर्षे कार्मिक विभागात, आधी कारखान्यात आणि मग सॉफ्टवेअर कंपनीत काढल्यावर मी स्वतःचा छोटा सल्ला-व्यवसाय सुरू केला, त्याला आता नववे वर्ष लागले आहे. इतरांना पगार देण्याचा आणि स्वतःला तो न मिळण्याचा, असा दोन्हींचा अनुभव त्यामुळे गाठीशी आहे.

प्रश्न : हिंजवडीतील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत मी तेरा वर्षे नोकरी करीत आहे. मागच्या वर्षापर्यंत मला स्वतःचे क्यूबिकल होते. खांद्याइतक्या उंचीच्या त्या पार्टिशनवर मुलीने काढलेले चित्र, कालनिर्णय आणि गणपतीचा छोटा फोटो टाचलेला असे. आता कंपनीने सगळी पार्टिशने काढून एकच मोठा हॉल केला आहे. सकाळी मोबाइलवरून जागा आरक्षित करायची, संध्याकाळी टेबल रिकामे करून सामान लॉकरमध्ये ठेवायचे. शेजारी कोण येईल ते ठाऊक नसते आणि जो येतो तो दिवसभर कॉलवर असतो. इतकी वर्षे ज्याला खुराडे म्हणून नावे ठेवली, त्याचीच आता आठवण येते. कोथरूडहून जायला-यायला मिळून अडीच तास लागतात ते वेगळेच. पंधरा टक्के कमी पगारावर, पण कायम घरून काम देणारी एक नोकरी मिळते आहे. ती धरावी, की हा केवळ वयाचा हट्ट आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हट्ट नाही. तुमच्या खुराड्याचा जन्मच मुळी खुराडे म्हणून झाला नव्हता. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हर्मन मिलर ही फर्निचर बनविणारी कंपनी आहे. तिच्या संशोधनाचे काम पाहणाऱ्या रॉबर्ट प्रॉप्स्ट यांना त्या काळच्या कचेऱ्या, म्हणजे शाळेच्या वर्गासारखी ओळीने टेबले मांडलेले उघडे हॉल, मुळीच पसंत नव्हते. विचार करणाऱ्या माणसाला थोडा आडोसा हवा, त्याला कागद डोळ्यांसमोर पसरता यावेत आणि अधूनमधून उभे राहूनही काम करता यावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६४ मध्ये डिझाइनर जॉर्ज नेल्सन यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ नावाची रचना बाजारात आणली. ती महाग पडली आणि चालली नाही. १९६८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात हलविता येणारी पार्टिशने होती. ही पार्टिशने १२० अंशांच्या ऐसपैस कोनात जोडली जावीत, असा प्रॉप्स्ट यांचा बेत होता. कंपन्यांनी ती सरळ ९० अंशांत जोडली, कारण चौकोनात माणसे जास्त मावतात. आपल्या कल्पनेचे हे जे झाले, त्याबद्दल २००० मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी जाहीर नाराजीही व्यक्त केली होती. म्हणजे आडोसा आधीचा आणि कोंडवाडा नंतरचा. तुमच्या कंपनीने कोंडवाडा मोडताना आडोसाही मोडला आणि प्रॉप्स्ट ज्या हॉलमधून माणसांना सोडवू पाहत होते, नेमके त्याच हॉलमध्ये तुम्हाला परत आणून बसविले.

भिंती गेल्या की माणसे एकमेकांशी अधिक बोलतील, असे या बदलाचे समर्थन केले जाते. (भाडे वाचते, हे कारण सहसा पत्रकात नसते.) हार्वर्डच्या दोन संशोधकांनी, बर्नस्टीन आणि टर्बन यांनी, दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढण्याआधी आणि काढल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक अडकवून त्यांचे बोलणे मोजले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले, तर ईमेल आणि मेसेज वाढले. उघड्यावर बसविलेला माणूस कानात हेडफोन घालून स्वतःपुरती भिंत उभी करतो. हे तुम्हीही तुमच्या मजल्यावर रोज पाहत असाल.

आता पगाराचा हिशेब. महिन्याचे बावीस दिवस धरले तर अडीच तासांप्रमाणे तुमचे ५५ तास भूमकर चौक आणि वाकडच्या आसपास जातात. कामाच्या एका आठवड्याहून हा वेळ अधिक आहे. तेवढ्यासाठी पंधरा टक्के देणे वरवर पाहता महाग वाटत नाही. परंतु आपल्याकडे पुढची कंपनी मागच्या कंपनीची पगारपत्रके मागते आणि वाढ त्यावर ठरविते. आज स्वीकारलेली कपात त्यामुळे त्या नोकरीपुरती राहत नाही, ती पुढच्या प्रत्येक नोकरीत तुमच्या मागे येते. मूळ वेतन कमी झाले की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही त्याच मापाने आक्रसतात. म्हणून नवी नोकरी घेण्याआधी आहे तेथेच एक मागणी करून पाहा. दोन आठवडे एका कागदावर, एकाग्रतेचे काम कोणत्या वेळी होते आणि ते किती वेळा मोडले, याची नोंद ठेवा. तो कागद समोर ठेवून आठवड्यातील दोन दिवस घरून काम मागा. “मला हॉल सोसत नाही” या वाक्याला व्यवस्थापकाकडे उत्तर तयार असते. “मंगळवारी साडेतीन तासांचे काम सहा तासांत झाले” या वाक्याला ते सहसा नसते. तरीही नकार आला, तर कमी पगाराची नोकरी जरूर घ्या, पण ‘कायम घरून’ हे शब्द नेमणूकपत्रात छापून घ्या. भरती करणाऱ्या मुलीने फोनवर दिलेला शब्द ती मुलगीच कंपनीत राहत नसल्यामुळे टिकत नाही.

प्रश्न : माझा मुलगा बंगळुरूच्या एका कंपनीचे काम नाशिकला घरी बसून करतो. दिवसभर अर्ध्या चड्डीत लॅपटॉपपुढे असतो. शेजारी दबक्या आवाजात विचारतात, “चिरंजीवांची नोकरी गेली का?” त्याच्या लग्नाचे पाहत आहोत. मुलीकडचे “ऑफिस कुठे?” असे विचारतात तेव्हा काय सांगावे? (एक निवृत्त वाचक, नाशिक)

उत्तर : खरे ते सांगावे: ऑफिस बंगळुरूला, काम घरी. आपल्या पिढीत कामाला जाणे आणि काम करणे ही एकच गोष्ट होती, डबा घेऊन माणूस बाहेर पडला की तो नोकरीत आहे हे गल्लीला कळत असे. आता ते कळण्याची सोय राहिलेली नाही, इतकेच. मात्र मुलीकडच्यांनी विचारण्याआधी आपणच एकदा त्याचे नेमणूकपत्र पाहून घ्यावे. दुरून काम करणाऱ्या अनेकांना कंपन्या नोकर म्हणून न घेता ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतात. पगारपत्रकावर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसत असेल तर तो नोकर. केवळ कर कापून पूर्ण रक्कम येत असेल तर बहुधा तो कंत्राटी असतो, आणि मग त्याला भरपगारी रजा, विमा, ग्रॅच्युइटी यांपैकी काही लागू नसण्याची शक्यता मोठी. त्यात कमीपणा काही नाही, पण ते ठाऊक असावे. अर्ध्या चड्डीबद्दल मात्र मंडळी पाहायला येतील त्या दिवशी आपण अवश्य बोलावे.

प्रश्न : मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी पुण्याहून चिपळूणजवळ सासरी आले आणि तेव्हापासून येथूनच कंपनीचे काम करते. काम चोख असते, तरी दोन वेळा बढती हुकली. घरात “ती काय, घरीच असते” असे धरून चालतात. सिलिंडर उतरवून घेणे, कुकरच्या शिट्ट्या मोजणे, आल्यागेल्याला चहा टाकणे हे सगळे माझी मीटिंग चालू असतानाच निघते. परवा साहेबांशी बोलत असताना सासूबाईंनी “अगं, दूध उतू जातंय” अशी हाक मारली आणि सगळ्यांनी ती ऐकली. आता कंपनी आठवड्यातून तीन दिवस पुण्याला हजर राहा म्हणते. कायद्याने ती असे बोलावू शकते का? मी जावे की सोडावे? (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : कायद्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. कंपनी बोलावू शकते. घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्यात नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची सोय आली, पण तीही कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालक व कर्मचारी दोघे सहमत असतील तरच. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांवरचे जुने निर्बंध सैल केले, तेव्हा घरून काम देण्यातली सरकारी अडचण दूर झाली. म्हणून ते देण्याची सक्ती मात्र कोणावर आली नाही. तुमच्या नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण पुणे असणार, आणि बहुधा “कंपनी सांगेल तेथे” असेही असणार.

आता बढतीचे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील एका पर्यटन कंपनीच्या शांघाय येथील कॉल सेंटरमध्ये नऊ महिने एक प्रयोग केला. स्वखुशीने पुढे आलेल्यांपैकी काहींना आठवड्याचे चार दिवस घरी बसविले आणि बाकीच्यांना कचेरीतच ठेवले. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु तितक्याच चांगल्या कामाला मिळणारी बढती मात्र घरी बसलेल्यांच्या वाट्याला कमी आली. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले सुमारे निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून आपणहून कचेरीत परतले. या प्रयोगातली एक अट तुमच्या पत्राच्या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते: ज्याला घरी काम करण्यासाठी स्वतंत्र खोली आहे, त्यालाच त्यात भाग घेता येत होता.

तुमचा खरा प्रश्न तेथे आहे. पुण्याच्या कचेरीचा दरवाजा दोन कामे मुकाट्याने करीत होता. तुम्ही आत आहात हे तो साहेबांना दाखवीत होता आणि तुम्ही घरी नाही हे घरच्यांना सांगत होता. चिपळूणला आल्यावर ही दोन्ही कामे तुमच्या अंगावर आली, आणि ती आता आपली आहेत हे कोणी तुम्हाला सांगितले नाही. साहेबांच्या बाजूचे काम तुलनेने सोपे आहे. दर शुक्रवारी पाच ओळींचा ईमेल पाठवा: या आठवड्यात काय पुरे झाले, काय अडले, कोणामुळे सुटले. सुरुवातीला आपलीच टिमकी वाजविल्यासारखे वाटेल. चार-सहा महिन्यांनी अप्रेझलच्या वेळी हेच ईमेल साहेबांच्या हाताशी असतील आणि तुमचे वर्ष त्यांना आठवावे लागणार नाही. घरातले काम अवघड आहे, कारण तेथे ईमेल चालत नाही. माळ्याची असो वा पडवीची, दार लागेल अशी एक जागा ठरवा, आणि दार लावलेले असेल तर तुम्ही पुण्यात आहात असे समजायचे, हे सासूबाईंना तुम्ही नव्हे, तुमच्या यजमानांनी सांगायला हवे. सिलिंडर कोण उतरवून घेणार, हेही त्यांनीच ठरवावे. या वाक्यावर घरात थोडी कुरबुर होईल, ती होऊ द्या.

तीन दिवसांच्या हुकमावर लगेच राजीनामा देऊ नका. दर आठवड्याला कुंभार्ली घाट चढून-उतरून पुणे गाठणे हे कोणालाही झेपणारे नाही, हे मान्य. पण त्याऐवजी महिन्यातला एक सलग आठवडा पुण्यात राहण्याचा प्रस्ताव द्या आणि गटाच्या महत्त्वाच्या बैठका त्याच आठवड्यात ठेवाव्यात असे सुचवा. ब्लूम यांच्याच २०२४ मधील दुसऱ्या अभ्यासात, १,६१२ कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, आठवड्याचे दोन दिवस घरी आणि तीन दिवस कचेरीत या पद्धतीत राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांमध्ये फरक पडला नाही. थोडेसे तोंड दाखविण्याने बरेच साधते, असा त्याचा अर्थ मी घेतो. प्रस्ताव देताना वीज आणि इंटरनेटची पर्यायी सोयही लिहून द्या. जुलै २०२१ चा पूर तुमच्या साहेबांच्या लक्षात असेल, आणि कोकणातून काम म्हटले की त्यांच्या मनात आधी तेच येत असेल.

प्रश्न : वय ३४, मूळचा कोल्हापूरचा. खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षे सात महिने झाले, त्याआधी दुसरीकडे तीन वर्षे. मूळ वेतन ४० हजार. शिरोली एमआयडीसीत मामांच्या ओळखीच्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गेलो असता असे दिसले की भट्टीच्या प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळविलेल्या धातूचा) नंबर, त्यातून किती कास्टिंग (ओतीव भाग) निघाली आणि किती रिजेक्ट झाली, हे सगळे अजून एका लांबोळक्या वहीत लिहितात. अशा फाउंड्रींसाठी छोटे सॉफ्टवेअर बनवून द्यायचे मनात आहे. मालक म्हणाले, “तू ये तर खरा.” बचत आठ लाख, पीएफमध्ये सहा लाख. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला साठ हजार लागतात. आईला मधुमेह आहे, तिचा विमा कंपनीच्या पॉलिसीत आहे. क्यूबिकलमध्ये बसून दुसऱ्याच्या कंपनीची स्वप्ने पुरी करण्याचा कंटाळा आला आहे. या महिन्यात राजीनामा देतो आहे. चूक करतो आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : व्यवसाय करण्यात चूक नाही, या महिन्यात करण्यात आहे. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, हे तिचे सूत्र; तुमच्या बाबतीत ते १ लाख १५ हजारांवर जाते, म्हणजे घरखर्चाचे जवळजवळ दोन महिने. पाच महिन्यांसाठी ते सोडू नका. कचेऱ्यांत ‘चार वर्षे २४० दिवस’ असा एक तोंडी हिशेब फिरतो. त्याला मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार आहे, पण तो न मानणाऱ्या कंपनीशी वाद घालत बसण्यापेक्षा पाच वर्षे पुरी करणे स्वस्त पडते.

आईचा विमा याहून महत्त्वाचा. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीच असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ते घड्याळ आजच चालू करा. म्हणजे नोकरीत असतानाच आईची वेगळी पॉलिसी घ्या, आणि सध्याच्या पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, तेही कार्मिक विभागाला विचारा. मी स्वतः हे केले नव्हते. नोकरी सोडल्यावर चौथ्या महिन्यात घरात एक शस्त्रक्रिया निघाली आणि व्यवसायासाठी बाजूला काढलेल्या पैशांतला मोठा वाटा रुग्णालयात गेला.

आता आठ लाखांचे. तुम्ही मनातल्या मनात आठ लाखांना साठ हजारांनी भागून तेरा महिने असे उत्तर काढले असणार. त्यातले दोन लाख आजारपणासाठी नसल्यासारखेच समजा, राहिले दहा महिने. सॉफ्टवेअर तयार होऊन फाउंड्रीत चालू व्हायला, अगदी आशावादी राहिलो तरी, तीन महिने. मग बिल. मग बिलाचे पैसे. माझ्या पहिल्या ग्राहकाने पहिले बिल सातव्या महिन्यात चुकते केले. तोवर तेथील हिशेबनीस दर सोमवारी “साहेब बाहेरगावी आहेत, आले की चेक काढतो” असे अतिशय गोड आवाजात सांगत असे. पहिला रुपया हातात येईपर्यंत तुमचे दहा महिने संपत आलेले असतील, आणि त्या वेळी तुम्ही मिळेल ते काम मिळेल त्या भावाने घ्याल. पीएफच्या सहा लाखांना हात लावायचा नाही, हे मी वेगळे सांगत नाही. पीएफबरोबरच्या निवृत्तिवेतन योजनेला एकूण दहा वर्षांची सेवा लागते, तेव्हा तेथील आजवरच्या सेवेचे योजना प्रमाणपत्र मात्र सोडताना जरूर मागून घ्या.

“तू ये तर खरा” हे आमंत्रण आहे, ऑर्डर नव्हे. मालकांना दहा हजार रुपये आगाऊ मागून पाहा. दिले तर तुम्हाला ग्राहक मिळाला, आणि चहा पाजून विषय बदलला तर तेही आत्ताच कळले. त्या वहीकडे पुन्हा एकदा नीट पाहा. ती भट्टीशेजारी काजळी आणि वाळूत पडलेली असते, हातमोजे घातलेला माणूस पेन्सिलीने तिच्यात आकडे टाकतो. तुमच्या टचस्क्रीनला तो हात लावणार आहे का, की सुपरवायझर संध्याकाळी वहीतलेच आकडे संगणकात उतरवून घेणार आहे? तसे झाले तर तुम्ही मालकाचे एक काम वाढविलेत. दुसरीकडे, वाहन उद्योगाला माल देणाऱ्या फाउंड्रीकडे सदोष कास्टिंग परत आले की ते कोणत्या हीटमधले, त्या दिवशी धातूचे मिश्रण काय होते, असे ग्राहक विचारतो, आणि ते त्या वहीत शोधता शोधता मालकाचा दिवस जातो. पैसे तेथे आहेत. हे सगळे शनिवारी-रविवारी कोल्हापूरला जाऊन समजून घेता येते. त्यासाठी राजीनामा लागत नाही.

तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण तिची सुरुवात सांगताना लोक एक तपशील गाळतात. १८८८ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत शिकवीत होते. ते मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत आणि थोरले बंधू रामुअण्णा तेथे त्या विकत व लोकांना चालवायलाही शिकवीत. मास्तरांची नोकरी चालू होती, पगार चालू होता आणि दुकानही चालू होते. नोकरी सुटली ती पुढे काही वर्षांनी. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे तो खपेना. इतकी कळ त्यांना काढता आली.

सरकारी बाजू फार अवघड नाही. ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते दलालाचे समजावे. या नोंदणीचा खरा उपयोग वसुलीला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे बिल ग्राहकाने लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करायचे असते. न केल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने लागते. एकुलत्या एका ग्राहकाविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण २०२३-२४ पासून वेळेत न चुकविलेली अशी बिले ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात दाखविता येत नाहीत. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की मालकाने नाही तरी त्याच्या सनदी लेखापालाने ते मार्चपूर्वी वर काढलेले असते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेतोवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा जो व्यवसाय कर निमूटपणे जात होता, तो वर्षाचे २,५०० रुपये आता स्वतः नोंदणी करून भरायचा आहे. ग्राहक बिलातून कर कापून घेईल आणि तो विवरणपत्र भरल्यावरच परत येईल, तेव्हा बिलाची पूर्ण रक्कम हातात येणार आहे असे कोष्टकात लिहू नका.

पाच महिन्यांनी, आईची पॉलिसी हातात आणि निदान दोन फाउंड्रींचे आगाऊ पैसे खात्यात असतील, तर राजीनामा द्या. क्यूबिकलच्या कंटाळ्यावर तोवर काय करावे, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो: तो कंटाळा त्या शनिवारांनी बराच कमी होईल.

प्रश्न : वरच्यासारखाच प्रश्न, पण मला नोकरी सोडायची नाही. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामे घेतो. कंपनीला कळू नये म्हणून बिले पत्नीच्या नावे करावीत, असे एका मित्राने सुचविले. चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करीत असलेल्या ३०० जणांना कामावरून काढल्याचे जाहीर सांगितले, तेव्हापासून कंपन्या या बाबतीत सावध आहेत. बिल कोणाच्या नावे आहे याने फरक पडत नाही. काम तुम्ही करता आणि नेमणूकपत्रावर सही तुमची आहे. नोकरी सोडल्यानंतर अमुक वर्षे तोच धंदा करू नये, अशी अट कंपन्या घालतात, तिला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सहसा उभे राहू देत नाही. परंतु नोकरी चालू असताना दुसरे काम न करण्याची अट आणि गुप्ततेची अट न्यायालये मानतात. तुमच्या नेमणूकपत्रात “नोकरीच्या काळात तयार केलेले सर्व काही कंपनीच्या मालकीचे” असे एखादे वाक्य आहे का, तेही पाहा. कोल्हापूरच्या वाचकांनीही पाहावे. कंपनीचा लॅपटॉप बाहेरच्या कामाला एकदाही उघडू नका. कार्मिक विभागाला ईमेल करून परवानगी मागा, कामाचे स्वरूप आणि ते कंपनीच्या धंद्याशी टक्कर देत नाही हे त्यात स्पष्ट लिहा. शिकविणे, लेखन, अनुवाद अशा कामांना ती बऱ्याचदा मिळते. उत्तरही ईमेलनेच घ्या. तोंडी “कर रे, काही हरकत नाही” म्हणणारे साहेब दिवाळीनंतर दुसऱ्या कंपनीत जातात.